ब्रेकचा लाल दिवा पुन्हापुन्हा का लागतो आणि त्याचे कारण कसे शोधावे

गणपतीच्या तोंडावर कोकणातल्या गॅरेजांत एक तक्रार हटकून येते. डॅशबोर्डवरचा ब्रेकचा लाल दिवा लागतो, कोणीतरी बॉनेट उघडून बाटलीत ब्रेक ऑइल भरतो, दिवा विझतो, आणि काही आठवड्यांनी, बहुधा एखाद्या घाटातच, तो पुन्हा लागतो. मग पुन्हा ऑइल भरले जाते. असे करत करत वर्ष निघून जाते आणि दोष मात्र जागच्या जागी वाढत राहतो. ब्रेक ऑइल इंजिन ऑइलसारखे जळत नाही आणि बंद नळ्यांतून उडूनही जात नाही. पातळी उतरली असेल, तर ते ऑइल एकतर पॅड झिजल्यामुळे कॅलिपरमध्ये, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या चाकाजवळच्या भागात, जाऊन बसले आहे किंवा गाडीतून बाहेर पडले आहे. यापैकी काय झाले आहे हे ठरवल्याशिवाय वरून ऑइल ओतू नये, हे मला अगदी आग्रहाने सांगायचे आहे.

दिवा कशामुळे लागतो

वर्तुळात उद्गारचिन्ह आणि दोन्ही बाजूंना कंस असलेला हा लाल दिवा बहुतेक गाड्यांत एकाहून अधिक कामे करतो. हँडब्रेक ओढलेला असला तर तो लागतो, बाटलीतली ऑइलची पातळी खालच्या खुणेच्या आसपास आली तर लागतो, आणि ए.बी.एस. (जोरात ब्रेक मारल्यावर चाके अडकू न देणारी यंत्रणा) असलेल्या गाड्यांत पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी ई.बी.डी. यंत्रणा बंद पडली तरी तोच दिवा लागतो. काही जुन्या गाड्यांत अल्टरनेटर चार्जिंग देईनासा झाला, की बॅटरीच्या दिव्याच्या जोडीने हाही दिवा मंद पेटतो. त्यामुळे दोन्ही दिवे एकत्र दिसले, तर ब्रेकला हात घालण्यापूर्वी चार्जिंग तपासावे.

पातळी मोजण्याची रचना साधी असते. बाटलीत एक तरंगता फ्लोट असतो आणि त्यात छोटे चुंबक असते. ऑइल उतरले की फ्लोट खाली येतो, चुंबक खालच्या रीड स्विचजवळ पोहोचते, स्विच जुळतो, दिव्याला अर्थिंग मिळून सर्किट पूर्ण होते आणि तो लागतो. या रचनेतूनच तिची मर्यादाही कळते: दिव्याला फक्त पातळी कळते. ऑइल जुने झाले आहे, त्यात पाणी मुरले आहे, नळ्यांत हवा शिरली आहे किंवा पॅड तेलकट झाले आहेत, यातले काहीही त्याला कळत नाही. म्हणून दिवा विझला म्हणजे ब्रेक ठणठणीत झाले, असे कोणी समजू नये.

चावी फिरवल्यावर हा दिवा काही क्षण लागून विझला पाहिजे, किंवा निदान हँडब्रेक ओढल्यावर तरी लागला पाहिजे. जुनी गाडी विकत घेताना ही एवढी खात्री आवर्जून करावी, कारण सारखा लागणाऱ्या दिव्याचा बल्ब काढून टाकलेल्या किंवा वायर तोडून ठेवलेल्या गाड्या बाजारात येतात.

घाटात दिवा लागला तर

आंबा, कुंभार्ली, आंबोली, फोंडा, करूळ किंवा ताम्हिणी अशा घाटांत दिवा लागला, तर पहिले काम म्हणजे पेडलचा अंदाज घेणे. पेडल नेहमीच्या उंचीवर आणि टणक लागत असेल, तर घाईने काही करू नये. एकेक गिअर खाली घेत वेग उतरवावा आणि वळणावर न थांबता रुंद, सपाट जागा पाहून गाडी बाजूला घ्यावी. पेडल मऊ लागत असेल, नेहमीपेक्षा खोल जात असेल किंवा पायाखाली हळूहळू दबत असेल, तर ती गाडी तिथून पुढे चालवायची नाही. ती थांबवताना पेडल भराभर दोन-चार वेळा मारून दाब मिळतो का ते पाहावे, गिअर खाली घेत इंजिनने गाडी रोखावी आणि हँडब्रेकचे बटण अंगठ्याने दाबून धरून तो थोडा थोडा ओढावा. झटक्यात ओढला तर ओल्या रस्त्यावर मागची चाके जागीच अडकतात आणि गाडी आडवी होते. इंजिन चालू ठेवावे, कारण ते बंद केले की बूस्टरची, म्हणजे व्हॅक्यूमवर पेडलचा जोर वाढवणाऱ्या भागाची, मदत थोड्याच वेळात संपते. अशी गाडी दोराने ओढून नेण्यापेक्षा क्रेनच्या पाटावर चढवून न्यावी.

आजच्या मोटारींत ब्रेकच्या दोन स्वतंत्र लाइन असतात, आणि पुढची चाके इंजिनवर चालणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्यांत त्या कर्णरेषेत जोडलेल्या असतात: पुढचे डावे चाक मागच्या उजव्याबरोबर आणि पुढचे उजवे मागच्या डाव्याबरोबर. एक लाइन फुटली तरी दुसरी काम करते. गाडी थांबते, पण तिला बरेच जास्त अंतर लागते आणि पेडल खोल जाते. ही सोय सुरक्षित जागी पोहोचण्यापुरती आहे, रत्नागिरीहून कोल्हापूरला जाऊन येण्यासाठी नाही.

आधी हँडब्रेक, मग बॉनेट

दिवा सतत लागत असेल आणि पेडल उत्तम असेल, तर तपासणी हँडब्रेकपासून सुरू करावी. लिव्हरच्या बुडाशी एक छोटा दाबस्विच असतो. लिव्हर पूर्ण खाली बसला, की तो दाबला जातो आणि दिवा विझतो. आपल्याकडे जांभ्याची बारीक लाल माती पायांबरोबर गाडीत येते, पावसाळ्याच्या दमटपणात ती चिकट होते आणि स्विचच्या स्प्रिंगमध्ये जाऊन बसते. वर खाऱ्या हवेने गंज चढतो. परिणाम असा, की खड्ड्यात गाडी आपटली की दिवा लुकलुकतो, आणि लिव्हर हाताने खाली दाबून धरला की विझतो. लिव्हरवरचे रबरी किंवा प्लॅस्टिकचे आवरण काढून स्विचची वायर सुटी करावी. दिवा विझला, तर दोष तिथेच आहे. स्विच साफ करून, जागेवर सरळ बसवून काम होते. नाही झाले तर तो बदलावा. केबल गरजेपेक्षा जास्त ताणल्यामुळे लिव्हर पूर्ण खाली येत नसेल, तर मात्र नुसता स्विच वाकवून भागवू नये, कारण त्या गाडीचे मागचे ब्रेक चालताना घासत असण्याची शक्यता असते. पाऊस पडून गेल्यावर काही दिवस उभ्या राहिलेल्या गाडीत हे फार दिसते. थोडे अंतर चालवून मागच्या चाकांची रिम हाताच्या पाठीने चाचपली, की एक चाक दुसऱ्यापेक्षा गरम लागते.

पातळी कशी पाहावी

गाडी सपाट जागी उभी करावी आणि इंजिन थंड होऊ द्यावे. ही अट कोकणात वाटते तितकी सोपी नाही, कारण अंगणेही उताराची असतात. दाभोळ किंवा आगरदांड्याच्या जंगलजेटीवर, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीवर, चढताना गाडीचे तोंड वर होते आणि तेवढ्यापुरता दिवा लागतो, बोटीत गाडी सपाट झाली की विझतो. असे दिसले, तर पातळी काठावर आहे असे समजावे. बोटीवर चढून झाले की विसरून जाण्यासारखी ती गोष्ट नाही. वळणावर, जोरात ब्रेक मारताना किंवा उतारावर क्षणभर लागणाऱ्या दिव्याचाही अर्थ हाच असतो.

जुन्या गाडीची बाटली उन्हाने पिवळी पडलेली असते आणि आतली रेघ दिसत नाही. अशा वेळी बाटलीच्या मागून टॉर्चचा उजेड टाकावा आणि दुसऱ्या हाताने मडगार्डपाशी गाडी हलके हलवावी. आतले ऑइल हिंदकळले, की त्याची कड लगेच ओळखू येते. झाकण उघडण्यापूर्वी ते आणि आजूबाजूचा भाग स्वच्छ, कोरड्या, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसून घ्यावा, कारण झाकणाच्या कडेची माती आत पडली तर ती थेट मास्टर सिलिंडरकडे, म्हणजे पेडलच्या जोरावर नळ्यांत ऑइल ढकलणाऱ्या भागाकडे, जाते. झाकणातले रबर फुगलेले, मऊ किंवा चिकट झालेले दिसले, तर तिथेच थांबावे. कोणीतरी चुकून इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचे ऑइल त्यात ओतल्याची ती खूण असते. खनिज तेलाने ब्रेकमधले सगळे रबर फुगते, आणि मग नळ्या धुऊन मास्टर सिलिंडरपासून चाकापर्यंतचे प्रत्येक रबर बदलण्यावाचून इलाज राहत नाही.

पॅड झिजले असतील तर

पातळी कमी दिसली, की ऑइलची बाटली उघडण्याआधी पुढची चाके काढून पॅड पाहावेत. डिस्क ब्रेकमध्ये पॅड जसजसा झिजतो तसतसा कॅलिपरचा पिस्टन बाहेर येतो, आणि त्याच्या मागची वाढलेली जागा बाटलीतले ऑइल भरून काढते. बाटलीवरच्या वरच्या आणि खालच्या खुणांमधले अंतर साधारण याच हिशेबाने ठेवलेले असते. म्हणजे नव्या पॅडच्या वेळी वरच्या खुणेवर असलेले ऑइल पॅड संपत आले की कोणतीही गळती नसताना खालच्या खुणेजवळ येते, आणि हे होणे अपेक्षितच आहे. पॅडचे अस्तर २ ते ३ मिलिमीटरवर आले असेल, तर पॅड बदलावेत. नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलला की पातळी आपोआप वर येते.

मध्ये कोणी ऑइल भरून ठेवले असेल, तर याच वेळी त्याचा त्रास होतो. पिस्टन मागे ढकलताच जास्तीचे ऑइल झाकणातून उतू जाते, आणि ब्रेक ऑइल रंगाला अतिशय वाईट असते. ते सांडलेच, तर फडक्याने नुसते पुसत न बसता लगेच भरपूर पाण्याने धुवावे.

आतला आणि बाहेरचा असे दोन्ही पॅड पाहावेत. समुद्राजवळच्या गाड्यांत कॅलिपरच्या सरकत्या पिना गंजून अडकतात, आतला पॅड पत्र्यापर्यंत संपतो आणि बाहेरचा अर्धा शिल्लक असतो. चाक न काढता स्पोकमधून डोकावणाऱ्याला फक्त बाहेरचा दिसतो.

पॅड जाड आहेत आणि तरीही पातळी उतरली आहे, अशी स्थिती असेल तर ऑइल गळते आहे. ती गळती सापडेपर्यंत गाडी वापरू नये.

गळतीचा शोध

या भागाला वेळ द्यावा लागतो आणि बहुतेक ठिकाणी नेमका तोच दिला जात नाही. सुरुवात पेडलपासून करावी. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा मारावे म्हणजे बूस्टरमधला व्हॅक्यूम संपतो. मग पेडलवर पाय घट्ट दाबून अर्धा मिनिट तसाच धरावा. पेडल हळूहळू खाली जात राहिले, तर ऑइल कुठेतरी वाट काढते आहे: बाहेर, किंवा मास्टर सिलिंडरच्या आतल्याआत रबराला वळसा घालून. आतल्याआत निसटणारे ऑइल बाटलीतच परत येते, त्यामुळे त्या दोषात पातळी उतरत नाही. पातळीही उतरते आणि पेडलही दबते, असे असेल तर गळती बाहेरची आहे.

त्यानंतर चारही चाकांच्या आतल्या बाजूला पाहावे. मागे ड्रम असलेल्या गाड्यांत सर्वांत जास्त वेळा दोष सापडतो तो व्हील सिलिंडरमध्ये, म्हणजे ड्रममधले ब्रेक शू बाहेर ढकलणाऱ्या छोट्या सिलिंडरमध्ये. टायरच्या आतल्या भिंतीवर किंवा ड्रमच्या मागच्या पत्र्याच्या खालच्या कडेला काळपट ओलसर ओघळ दिसतो. पावसात तो धुऊन जातो, म्हणून गाडी दोन दिवस कोरड्या जागी उभी करून मग पाहणे चांगले. ड्रम काढल्यावर व्हील सिलिंडरच्या टोकाचे रबरी बूट बारीक स्क्रूड्रायव्हरने किंचित उचलावे. किंचित ओलावा चालतो. थेंब ओघळून आला, तर सिलिंडर गेला. याचे कारण बहुधा जुन्या ऑइलमध्ये मुरलेले पाणीच असते: ते सिलिंडरच्या सर्वांत खालच्या भागात साचते, तिथे भिंतीला बारीक खड्डे पाडते आणि रबर त्या खड्ड्यांवर घासून कापले जाते. अशा सिलिंडरला नुसते नव्या रबरांचे किट घालून उपयोग नसतो. खड्डे राहतात आणि काही महिन्यांत तीच गळती परत येते. दिवा पुन्हापुन्हा लागण्याचे हे एक मोठे कारण आहे. ऑइल लागलेले ब्रेक शू पेट्रोलने धुऊन परत बसवू नयेत, ते दोन्ही चाकांचे एकदमच बदलावेत. ड्रममधली धूळ फुंकून किंवा हवेच्या पाइपने उडवू नये; ती श्वासात जाण्यासारखी नसते, ओल्या फडक्याने पुसून काढावी.

त्यानंतर नळ्या. गाडीच्या पोटाखालून मागे जाणारे ब्रेक पाइप पोलादी असतात आणि ज्या क्लिपांत ते धरलेले असतात तिथे मीठ मिसळलेली ओली माती अडकून बसते. मुरुड, हर्णै, गुहागर किंवा तारकर्लीच्या पुळणीवर गाडी उतरवण्याची हौस असणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. गाडी लिफ्टवर घेऊन प्रत्येक क्लिपच्या आसपासचा पाइप कोरड्या फडक्याने चोळावा. वरवरचा तांबूस गंज चालतो; पण पापुद्रे सुटत असतील किंवा फडके ओले होत असेल, तर तो पाइप बदलायचा आहे. गंजलेला भाग कापून मध्ये तांब्याची साधी नळी जोडणे किंवा झाळून भोक बुजवणे हे प्रकार मी पाहिले आहेत आणि ते जिवाशी खेळ आहेत. जोराने ब्रेक मारताना या नळीत मोठा दाब येतो, आणि साधे तांबे कंपनाने कडक होऊन तडकते. मूळ पोलादी पाइप किंवा ब्रेकसाठीच मिळणारी तांबे-निकेल मिश्रधातूची नळी, तीही टोकाला दुहेरी फ्लेअर (दुमडून रुंद केलेली कड) काढून, हाच योग्य मार्ग आहे. चाकाजवळचे रबरी होज पाइप वळवून पाहावेत. वाकवल्यावर भेगा उघडल्या, किंवा कोणी पेडल दाबले असताना पाइप फुगला, तर तो बदलावा.

चाके कोरडी, पाइप चांगले, जमिनीवर डाग नाही, आणि तरीही पातळी उतरते, अशा गाडीत दोन जागा उरतात. पहिली म्हणजे क्लच. अनेक गाड्यांत क्लच हायड्रॉलिक असतो आणि त्याला ऑइल ब्रेकच्या बाटलीतूनच मिळते. या वाटणीमुळे दोष क्लचमध्ये आणि दिवा ब्रेकचा, असे होते. गुहागरकडची एक गाडी याच कारणाने सारखी येत असे. चारही चाके उघडून झाली होती, व्हील सिलिंडर नवे होते, आणि तरी दिवा लागायचाच. शेवटी चालकाच्या पायाखालची चटई उचलली, तेव्हा खालचा गालिचा क्लच पेडलच्या बरोबर खाली चिकट, ओलसर लागला आणि पेडलच्या दांड्यावरून वर बोट फिरवल्यावर बोटालाही ते ऑइल लागले. क्लचचा मास्टर सिलिंडर आतल्या बाजूला गळत होता; पावसात चटई ओली असते म्हणून कोणाला शंका आली नव्हती. क्लचची नळी बाटलीला सहसा थोडी उंचावर जोडलेली असते, ब्रेकसाठी खाली ऑइल शिल्लक राहावे हा त्यामागचा हेतू. त्यामुळे पातळी या नळीच्या तोंडापर्यंत उतरून तिथेच थांबत असेल आणि जोडीला गिअर पडताना अडत असतील, तर आधी क्लच तपासावा. क्लचचा खालचा सिलिंडर गिअरबॉक्सच्या आत असलेल्या गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यातून थेंब पडतात.

दुसरी जागा म्हणजे बूस्टर. मास्टर सिलिंडरचे मागचे रबर गेले, की ऑइल बाहेर न पडता मागच्या बूस्टरमध्ये उतरते. मास्टर सिलिंडरचे दोन नट काढून, पाइप न सोडता, तो अलगद किंचित पुढे घ्यावा आणि मागच्या तोंडाशी ओल आहे का ते पाहावे. ते ऑइल व्हॅक्यूमच्या नळीतून पेट्रोल इंजिनमध्ये ओढले जाऊ लागले, तर सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. बूस्टरमध्ये ऑइल साचून त्याचा पडदा खराब झाला, की ब्रेक लावायला विलक्षण जोर लागतो. इथे मास्टर सिलिंडर बदलताना बूस्टरची अवस्थाही पाहून घ्यावी.

पातळी पूर्ण असूनही दिवा

बाटली वरच्या खुणेपर्यंत भरलेली, हँडब्रेकचा स्विच चांगला, आणि दिवा तसाच, असे असेल तर बाटलीवरचा कपलर (वायरचा प्लग) काढावा. बहुतेक गाड्यांत स्विच जुळल्यावर दिवा लागतो, त्यामुळे कपलर काढताच दिवा विझला, तर दोष फ्लोट किंवा स्विचमध्ये आहे. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने बाटलीवर हलके टिचकावावे. दिवा गेला, तर फ्लोट गाळात अडकलेला आहे. फ्लोट झाकणाला लोंबणारा असेल, तर झाकण फडक्यावर धरून फ्लोट बोटाने वर उचलून पाहावा. जुना फ्लोट ऑइल पिऊन जड होतो आणि तरंगतच नाही. त्याला दुरुस्ती नाही, झाकण किंवा बाटली बदलावी लागते.

कपलरच्या पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर दिसतो तो खाऱ्या हवेचा परिणाम. तो इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करावा आणि कपलरचे रबर शाबूत आहे ना ते पाहावे. उंदरांनी वायर कुरतडलेली असण्याची शक्यताही आपल्याकडे खरोखर मोठी आहे, विशेषतः माडाच्या बागेत किंवा भाताच्या उडव्यांजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत. सोललेली वायर बॉडीला टेकली, की दिव्याला परस्पर अर्थिंग मिळते.

लाल दिव्याबरोबर पिवळा ए.बी.एस.चा दिवाही लागला असेल, तर वेगळा विचार करावा लागतो. आपल्या देशात एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना ए.बी.एस. सक्तीचे आहे, त्यामुळे ही जोडी आता वारंवार दिसणार. चाकांपाशी असलेल्या सेन्सरवर चिखल किंवा गंजाचा चुरा बसणे, त्यांची वायर तुटणे किंवा मुख्य युनिटमध्ये बिघाड होणे, अशी कारणे असतात, आणि ती स्कॅनर लावूनच शोधावी लागतात. त्या अवस्थेत जोरात ब्रेक मारल्यास मागची चाके आधी अडकू शकतात, म्हणून ओल्या रस्त्यावर वेग फार कमी ठेवावा.

ऑइल कोणते आणि कसे भरावे

झाकणावर डॉट ३, डॉट ४ किंवा डॉट ५.१ असे लिहिलेले असते आणि त्याप्रमाणेच ऑइल घ्यावे. डॉट ३ चा कोरडा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस, डॉट ४ चा २३० आणि डॉट ५.१ चा २६० असतो, त्यात ३.७ टक्के पाणी मुरल्यावर हेच आकडे अनुक्रमे १४०, १५५ आणि १८० वर येतात. या तिन्ही प्रकारांचा आधार ग्लायकोल असल्याने ती हवेतला ओलावा ओढून घेतात. डॉट ५ हे मात्र सिलिकॉनचे, सर्वस्वी वेगळे ऑइल आहे, ते यांच्यात कधीही मिसळू नये. नावाच्या साधर्म्याने दुकानात घोटाळा होऊ शकतो.

आंबोली किंवा आंबा उतरताना सारखे ब्रेक लागतात, कॅलिपर तापतो, आणि मुरलेल्या पाण्यामुळे ऑइल उकळून नळीत वाफ होते. वाफ दबते, म्हणून पेडल एकदम तळाला जाते. त्या क्षणी बाटलीतली पातळी पूर्ण असते आणि दिवा विझलेलाच असतो. बहुतेक कंपन्या सांगतात त्या दोन वर्षांच्या मुदतीला, गाडी कितीही कमी चाललेली असो, ऑइल बदलावे, ते याच कारणासाठी. गावी वर्षभर उभी राहून फक्त गणपतीत आणि शिमग्यात निघणाऱ्या गाडीला हा नियम अधिकच लागू पडतो. काळपट रंग ही जुनेपणाची खूण असली, तरी ऑइल स्वच्छ दिसते म्हणून त्यात पाणी नाही असे ठरत नाही; ओलावा मोजण्याचे छोटे यंत्र गॅरेजमध्ये असते, त्याने तपासून घ्यावे. अर्धी वापरलेली, माळ्यावर ठेवलेली बाटली पावसाळ्यानंतर वापरू नये. छोटी, सीलबंद बाटली घ्यावी आणि उरलेले ऑइल ठेवू नये.

एखादा भाग बदलला, की नळ्यांतली हवा काढावी लागते. सर्वसाधारण रीत मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरू करण्याची आहे, पण कर्णरेषेत जोडलेल्या आणि ए.बी.एस. असलेल्या गाड्यांचा क्रम निराळा असू शकतो, म्हणून गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला क्रम पाळावा. हवा काढण्यासाठी चाकाजवळ जो छोटा पोकळ स्क्रू, म्हणजे निपल, असतो, तो गंजलेला असताना त्यावर जोर लावला, तर तो हमखास मोडतो आणि मग अख्खा कॅलिपर काढावा लागतो. आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे, सहा कडांवर नीट बसणारा रिंग पाना वापरावा आणि पाना आधी किंचित घट्ट करण्याच्या दिशेने हलवून मग सोडवावा. काम संपल्यावर निपलवर रबरी टोपी परत बसवावी. ती नसल्यामुळेच खारे पाणी आत शिरते.

सगळे झाल्यावर सपाट जागी बाटलीवर ऑइलच्या रेघेला मार्करने बारीक खूण करावी आणि शेजारी तारीख लिहावी. पहिला महिना दर आठवड्याला, त्याच जागी, थंड इंजिनवर ती खूण पाहावी. त्याबरोबर चालकाच्या पायाखालची चटई उचलून पाहावी आणि मागच्या टायरच्या आतल्या भिंतीवरून हात फिरवावा. पॅड नवे असताना महिनाभरात पातळी खुणेच्या खाली स्पष्ट दिसण्याइतकी उतरली, तर ऑइल भरू नये. गाडी पुन्हा लिफ्टवर घ्यावी आणि या वेळी सुरुवात क्लच आणि बूस्टरपासून करावी.